शेवंतीचा चहा खुशाल प्या, पण सरकारची यादी कुठे आहे?

सध्या रील उघडलं की काचेच्या मगात पिवळी फुलं आणि लाल बेऱ्या तरंगताना दिसतात. 'चायनीज वेलनेस टी'. डोळे, झोप, लिव्हर, त्वचा, डिटॉक्स, सगळं एका कपात. खाली कमेंटमध्ये दोनच प्रश्न. लिंक द्या, आणि किती दिवसांत फरक पडतो? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, की यात नेमकं काय आहे आणि ते कोणी तपासलंय? त्या तिसऱ्या प्रश्नासाठीच ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी हे प्रकरण काय आहे ते बघू. दक्षिण चीनमधला ग्वांगडोंग प्रांत, हाँगकाँग, मकाव हा दमट उकाड्याचा पट्टा. तोंड आलं, घसा धरला, पुटकुळ्या आल्या की तिथले लोक म्हणतात अंगात आग वाढली. आपण म्हणतो 'उष्णता झाली' आणि सब्जा भिजत घालतो किंवा धने-जिऱ्याचं पाणी पितो. ते 'लिआंगछा' पितात. शब्दशः अर्थ थंड चहा. पण तो गरमही पितात, आणि त्यात बहुतेक वेळा चहाची पत्ती नसतेच. म्हणजे काढाच. ग्वांगझूमध्ये १८२८ साली सुरू झालेलं 'वांग लाओ जी' हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. २००६ साली चीनने लिआंगछाला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आता तो लाल डब्यातही मिळतो, पण त्यात साखर भरपूर. डबा पिऊन उष्णता उतरवायची म्हणजे सरबत पिऊन डाएट केल्यासारखं आहे.

घरी रोज प्यायचे प्रकार मात्र साधे असतात. शेवंतीची आठ-दहा सुकी फुलं आणि चमचाभर गोजी बेरी धुऊन घ्यायची, वर गरम पाणी ओतायचं, पाच मिनिटं झाकून ठेवायचं. झालं. थंडीत आल्याचे काप आणि सुकी लाल बोरं उकळून पितात. जड जेवणानंतर संत्र्याच्या जातीच्या फळाची सुकवलेली साल. छान लागतं, साखर नाही, दिवसाचे दोन गोड चहा कमी झाले तर तेवढा फायदा नक्की. यापुढचे दावे मात्र विसरा. शेवंतीच्या पाण्याने लिव्हर 'साफ' होत नाही.

आता मुद्द्याचं. हे सगळं चीनमध्ये 'आजीने सांगितलं' एवढ्यावर चालत नाही. २००२ साली तिथल्या आरोग्य मंत्रालयाने तीन याद्या काढल्या. पहिलीत ८७ पदार्थ, जे अन्नही आहेत आणि औषधही. शेवंती, गोजी, लाल बोरं, आलं, ज्येष्ठमध हे त्यात. दुसरीत ११४, जे आरोग्यपूरक उत्पादनांत वापरता येतात. तिसरीत ५९, जे अशा उत्पादनांत चालणारच नाहीत. या तिसऱ्या यादीत बचनाग, धोत्रा आणि कण्हेर आहेत. आणि आपली सदाफुलीसुद्धा! हो, तीच, जिची पानं-फुलं 'शुगरवर रामबाण' म्हणून आपल्याकडे सकाळी उपाशीपोटी चावली जातात. सदाफुलीपासून कॅन्सरवरची औषधं बनतात, ती डॉक्टर थेंब मोजून देतात.

हाँगकाँगमध्ये तर १९९९ साली कायदाच झाला. ३१ विषारी द्रव्यं नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि काष्ठौषधी विकायला दुकानदाराला परवाना लागतो.

एवढी काळजी कशाला? १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या एका उपचारात चिनी वनस्पती वापरल्या गेल्या. 'फांगजी' हवी होती, गेली नावाने जवळची असलेली 'ग्वांग फांगजी'. शंभराहून जास्त जणांच्या, बहुतेक बायकांच्याच, किडन्या निकामी झाल्या, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. नावातल्या एका शब्दाचा घोळ! २०१७ साली सॅन फ्रान्सिस्कोत दुकानातून घेतलेला हर्बल चहा प्यायल्याने दोघांना बचनागाची विषबाधा झाली, त्यातल्या बाई गेल्या.

हे तिकडचं झालं म्हणून सोडू नका. कोविडच्या काळात आपल्याकडे घरोघर गुळवेल उकळली जात होती. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की वनस्पती नीट ओळखलीच नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. क्षणभर मंत्रालयाचं म्हणणं खरं धरू. मग गुळवेल म्हणून दुसरीच वेल लोकांच्या पोटात जाते, तेव्हा ती ओळखायची जबाबदारी कोणाची? भाजी घ्यायला गेलेल्या माणसाची?

आपल्याकडे कायदा अजिबात नाही असं नाही. औषध नियमांतल्या अनुसूची ई-१ मध्ये आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे. पण ती कंपनीत बनलेल्या औषधाच्या लेबलापुरती कामाची. आठवडी बाजारात गोणपाटावर मांडलेल्या मुळ्या-साली आणि ऑनलाइन येणारी 'डिटॉक्स' पाकिटं यांच्यापर्यंत ती पोचत नाही.

म्हणून तीन साध्या मागण्या.

१. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने मराठीत, फोटोसकट यादी काढावी. रोज चालेल ते, वैद्यांना विचारूनच घ्यायचं ते, आणि हातच लावायचा नाही ते. आरोग्य केंद्रात आणि रेशन दुकानात लावावी.

२. सुट्या वनस्पतींच्या प्रत्येक पाकिटावर शास्त्रीय नाव, कोणता भाग (मूळ, पान, फूल), कुठून आणलं आणि कधी भरलं, हे सक्तीचं करावं.

३. दुधाचे नमुने घेता तसे काढ्याच्या सामानाचे घ्या, आणि निकाल जाहीर करा.

'आमच्या आज्या हेच पीत होत्या' असं कोणी म्हणेल. खरंय. पण आजी परसातलं ओळखीचं झाड तोडून आणायची, पावडरचं पाकीट नाही. आणि यात आयुर्वेदाचा किंवा चिनी वैद्यकाचा अपमान कुठेच नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन तू योयो यांनी चिनी परंपरेतल्या वनस्पतीतूनच शोधलं आणि २०१५ साली नोबेल मिळवलं. तेही जुन्या ग्रंथातला उल्लेख प्रयोगशाळेत तपासून. परंपरेचा मान राखायचा तर तो असा.

तोपर्यंत घरी एवढं करा. पाण्यात काय टाकताय त्याचं नाव माहीत असेल तरच टाका. एका वेळी दोन-तीन पदार्थ पुरे. बीपी असेल तर ज्येष्ठमध रोज नको, त्याने बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. रक्त पातळ करायची वॉर्फरिनसारखी गोळी चालू असेल तर गोजी टाळा. गरोदर बायका आणि लहान मुलांवर प्रयोग नकोत. आणि डॉक्टरांनी 'कोणती औषधं घेता?' असं विचारलं की काढाही सांगा. आपण तो औषधात धरतच नाही, तिथेच गडबड होते.

तुमच्या गावच्या बाजारात सुट्या काष्ठौषधींवर नाव-गाव लिहिलेलं असतं का? कमेंटमध्ये सांगा.