फी भरून मिळणारी स्वस्ताई

‘वर्षाला अमुक रुपये भरा, सभासद व्हा आणि घरचा किराणा होलसेल भावात न्या.’ अशी पत्रकं हल्ली आपल्या नंदुरबार-शहाद्याकडेही घरात येऊन पडतात. मोबाइलवर तर रोज एक नवं कार्ड, नवी मेंबरशिप. बचत गटांच्या बैठकांना मी जाते, तिथेही आता हाच प्रश्न येतो, “ताई, घ्यावं का हो हे कार्ड? खरंच पैसे वाचतात का?” प्रश्न साधा आहे, पण उत्तर सगळ्यांना सारखं देता येत नाही. ते ज्या त्या घराच्या हिशोबावर अवलंबून आहे. आणि घरचा हिशोब आपल्याइतका दुसऱ्या कुणाला ठाऊक असतो?

ही कल्पना मूळची अमेरिकेतली. १९७६ मध्ये सॅन दिएगो शहरात सोल प्राइस नावाच्या व्यापाऱ्याने विमानाच्या जुन्या हँगरमध्ये ‘प्राइस क्लब’ सुरू केला. सुरुवातीला तो फक्त छोट्या दुकानदारांसाठी होता आणि वर्षाची फी २५ डॉलर होती. पुढे १९८३ मध्ये सिअ‍ॅटलला कॉस्टको निघालं आणि १९९३ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुली-सुनांच्या तोंडी आज कॉस्टकोचंच नाव असतं. सप्टेंबर २०२४ पासून त्याच्या साध्या कार्डाची वर्षाची फी ६५ डॉलर आहे. गंमत म्हणजे हे दुकान मालावर फार नफा धरत नाही. साधारण १४-१५ टक्क्यांच्या वर जायचं नाही, असा त्यांचा दंडक आहे. त्यांच्या कमाईचा मोठा भाग येतो तो सभासदांच्या फीमधून. म्हणजे तुम्ही खरेदीला या किंवा येऊ नका, फी त्यांना मिळालेलीच असते. आपल्यासाठी यातला मुख्य धडा हाच.

आपल्या देशात अशी मोठी गोदामवजा दुकानं आली, पण घरच्यांसाठी नव्हे. परदेशी कंपन्यांना घाऊक व्यापाराला पूर्ण परवानगी होती, किरकोळ किराण्याला मात्र बंधनं होती. म्हणून २००३ मध्ये बंगळूरला आलेल्या जर्मनीच्या मेट्रोने आणि २००९ मध्ये अमृतसरला आलेल्या वॉलमार्टच्या ‘बेस्ट प्राइस’ने कार्ड दिलं ते दुकानदार, हॉटेलवाले अशा धंदा करणाऱ्यांना. पुढे २०२३ मध्ये मेट्रोचा इथला कारभार रिलायन्सने विकत घेतला. घरगुती ग्राहकाकडे फीचं कार्ड आलं ते मुख्यतः मोबाइलवरच्या दुकानांमुळे. अ‍ॅमेझॉनच्या प्राइम सभासदत्वाची वर्षाची फी डिसेंबर २०२१ मध्ये ९९९ रुपयांवरून एकदम १,४९९ वर गेली, हे ते वापरणाऱ्या घरांना आठवत असेल.

आता वही-पेन्सिल घ्या. समजा, कार्डाची फी १,५०० रुपये आहे. तुम्ही त्या दुकानातून महिन्याला २,५०० रुपयांचा किराणा घेता, म्हणजे वर्षाला ३०,००० रुपयांचा. मग तिथला माल गावातल्या दुकानापेक्षा ५ टक्के स्वस्त असला, तर नुसती फी भरून निघाली. वाचला एक रुपयाही नाही. महिन्याला ५,००० चा माल घेत असाल, तर फी वसूल व्हायला अडीच टक्के पुरतात. पण दुकान धुळ्याला किंवा सुरतला असलं तर? आपल्याकडच्या कितीतरी बायका ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतला खरेदीला जातात. महिन्याच्या एका फेरीचं भाडं आणि चहापाणी ३०० रुपये धरलं, तरी वर्षाचे ३,६०० झाले. फी मिळवली की ५,१००. वर्षाच्या ६०,००० रुपयांच्या खरेदीवर हे साडेआठ टक्के होतात. तेल-साखरेसारख्या वस्तूंवर गावातल्या किराणावाल्याला तरी इतकं सुटतं का, हे त्यालाच विचारा. आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या बाईला तर आधी नंदुरबारपर्यंत यावं लागतं. तिचं भाडं वेगळंच.

दुसरा मुद्दा असा, की आपण विकत घेतो तरी काय काय? केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात माणशी महिन्याचा खर्च सरासरी ४,१२२ रुपये होता आणि त्यातला साधारण ४७ टक्के खाण्यापिण्यावर. चौघांच्या घराला हे महिन्याला पावणेआठ हजारांच्या आसपास होतात. त्यातून दूध, भाजी, फळं, अंडी-मटण वजा करा. हे काही कार्डाच्या दुकानातून येत नाही. शिवाय आपल्या जिल्ह्यात रेशनवर जगणारी घरं पुष्कळ. जानेवारी २०२३ पासून अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मोफत मिळतं. उरलं काय? तेल, साखर, चहा, डाळ, साबण. म्हणजे ज्या खरेदीवर सूट मिळणार ती पत्रकात दाखवतात त्यापेक्षा फार लहान. फी मात्र पूर्ण.

वर्षाचा माल एकदम भरणं आपल्याला नवीन नाही. गावाबाहेरच्या पथारींवर मिरची लाल झाली की आपण वर्षाचं तिखट करतो, उन्हाळ्यात गहू भरतो, नवापूरची तूरडाळ ऊन देऊन डब्यात जाते. या सगळ्याला कुणाचं कार्ड लागत नाही. हंगामात, रोखीने आणि जास्त प्रमाणात घेतलं म्हणून ते स्वस्त पडतं. कार्डवाल्या दुकानाचं गुपितही तेच आहे.

पण जास्त घेतलं म्हणजे स्वस्त पडलंच, असंही नाही. तेलाचा डबाच बघा. एक डबा १५ किलोचा असतो, एक १५ लिटरचा. शेजारी ठेवले तर पटकन फरक कळत नाही. एक लिटर तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल साधारण १३ किलो ६५० ग्रॅमच. १५० रुपये किलोचा भाव धरला, तर हा दोनशे रुपयांचा फरक झाला. दीडशे रुपये ‘सूट’ देऊन लिटरचा डबा गळ्यात मारला, तर आवळा देऊन कोहळा कोणी नेला?

तांदळाची गोष्ट अशीच. जुलै २०२२ पासून छापील पॅकिंगच्या, २५ किलोपर्यंतच्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी लागला. सुट्या मालावर तो नाही, २५ किलोच्या वरच्या गोणीवरही नाही. म्हणूनच २६ किलोच्या गोणी बाजारात दिसू लागल्या. ज्या घराला गोणी लागते, तिथे हा फायदा कार्डाशिवाय मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट यांवरचा जीएसटीही १८ वरून ५ टक्क्यांवर आला. पूर्वी करासकट ११८ रुपयांना पडणारी वस्तू १०५ ला यायला हवी. म्हणजे किंमत ११ टक्के उतरली. कार्डवाला ‘दहा टक्के सूट’ म्हणत असेल, तर ती जुन्या छापील किमतीवरून तर मोजलेली नाही ना, हे बघून घ्या.

यासाठी एक सोपं साधन आता पाकिटावरच आहे. एकूण किमतीबरोबर एका ग्रॅमला किंवा किलोला किती पैसे पडले, तेही छापावं लागतं. अक्षर बारीक असतं, चष्मा लावून वाचा. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त नसतं. शाम्पूची पुडी तर पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते.

आणखी एक गोष्ट हिशोबात धरली जात नाही, ती म्हणजे वाया जाणं आणि हात सैल सुटणं. रवा, मैदा, बेसन दोन महिन्यांवर ठेवलं तर किडे होतात. उघडलेलं तेल उन्हाळ्यात खवट होतं. बिस्किटांचा मोठा पुडा घरात आला की पोरं महिन्याचं आठवड्यात संपवतात. दहा टक्के स्वस्त घेतलं आणि पंधरा टक्के टाकून दिलं, तर वाचलं काय? साबण, कपड्याची पावडर, साखर, गहू, नीट वाळवलेली डाळ या वस्तू भरून ठेवायला चांगल्या. बाकीचं लागेल तसं आणावं.

आणि गावातल्या दुकानदाराची उधारी? मजुरी लांबली, घरात आजारपण आलं, तर वहीत लिहून माल देणारा तोच असतो. मोठं दुकान कार्ड बघतं, अडचण बघत नाही. अर्थात उधारीचा भावही थोडा चढा असतो, हे खरं. म्हणून पैसे हातात असतील तेव्हा “भाऊ, रोखीचा भाव काय लावाल?” असं स्पष्ट विचारावं. विचारण्यात कमीपणा नाही.

मैत्रिणींनो, दोन ठिकाणी मात्र पाय मागे घ्या. एक, जिथे वर्षाचे पैसे आगाऊ मागतात. ‘बिग बझार’ने दहा हजार आगाऊ भरा आणि वर्षात बारा हजारांचा माल न्या, अशी योजना काढली होती. आकड्यात ती आकर्षक होती. पण ही दुकानांची मोठी साखळीच २०२२ मध्ये बंद पडली. दुकान बुडालं की आगाऊ पैसे भरलेला ग्राहक येणेकऱ्यांच्या रांगेत सगळ्यांत मागे असतो. दुसरं, जिथे ‘तुम्ही चार सभासद आणा, तुमची फी परत’ असं सांगतात. अशा ठिकाणी किराणा हा फक्त देखावा, खरा धंदा माणसं जोडण्याचा. डिसेंबर २०२१ च्या थेट विक्री नियमांनी अशा पिरॅमिड पद्धतीला मनाई केली आहे. शंका आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवा. यात पहिली फसते ती बहुधा गटातलीच बाई, आणि तिच्या शब्दावर तिच्या नात्यातल्या चार जणी.

पण या सगळ्या चर्चेत मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती जिला कार्डाचं पत्रकसुद्धा मिळत नाही तिची. रोजच्या मजुरीतून वीस रुपयांचं तेल, दहा रुपयांची चहापत्ती, पाच रुपयांची साबणवडी घेणारी ही बाई. किलोच्या भावाने पाहिलं तर सगळ्यांत महाग माल तीच घेते, कारण एकदम पाचशे रुपये तिच्या हातात कधी नसतात. होलसेलची स्वस्ताई ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्यालाच मिळते. फीच्या कार्डाने ही दरी मिटत नाही.

ती मिटवायचा रस्ता आपल्याच महाराष्ट्रात पन्नास वर्षांपूर्वी दाखवला गेला. महागाईने माणसं बेजार झाली होती, त्या काळात, १९७५ मध्ये, बिंदुमाधव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई ग्राहक पंचायत उभी केली. शेजारपाजारच्या घरांचा एक संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, पंचायतीने घाऊक बाजारातून माल आणायचा आणि संघातल्या एका घरी उतरवायचा. तिथे सगळ्यांनी मिळून तो वाटून घ्यायचा. दुकान नाही, म्हणून त्याचा खर्च नाही. हे काम पुढे नेलं ते मुख्यतः बायकांनी. त्याआधी १९४८ मध्ये मुंबईच्या नायगावात कामगारांनी सहकारी तत्त्वावर अपना बाजार सुरू केला होता. इथेही सभासदत्व होतंच, पण सभासद हा मालक होता, नुसतं गिऱ्हाईक नव्हता. फरक इथे आहे.

आपल्याकडे बचत गट आहेत, ‘उमेद’मुळे गावोगाव त्यांचं जाळं आहे. दहा-बारा घरांना मिळून महिन्याला साखरेची एक गोणी, तेलाचे दोन-तीन डबे, साबणाचा एक खोका सहज लागतो. एवढी यादी घेऊन दोन-तीन व्यापाऱ्यांकडे रोखीचा भाव विचारला, तर तेही नीट बोलतात. सुरुवात तीनच वस्तूंनी करावी. वजन सगळ्यांसमोर व्हावं, बिल गटाच्या वहीत चिकटवावं, आणि आणण्या-वाटण्याचं काम दर महिन्याला वेगळ्या दोघींकडे असावं. एकीवरच भार पडला की ती कंटाळते आणि मग कुरबुरी सुरू होतात. हे मी पाहिलेलं आहे.

जिच्याकडे एकदम पैसे नाहीत तिला गटातून अंतर्गत कर्ज द्यावं. हजार रुपयांवर महिन्याला दोन टक्के व्याज म्हणजे वीस रुपये. पुड्या-पुड्यांनी घेताना तेच सामान दहा टक्के महाग पडत असेल, तर तिचे शंभर रुपये जास्त जातात. व्याज देऊनही ऐंशी वाचले, आणि ते व्याजही पुन्हा गटातच राहिलं.

तेव्हा कार्ड घ्यावं का? आधी तीन महिने घरचा किराणा वहीत लिहा. वस्तू, वजन, भाव, कुठून आणली, सगळं. त्यातलं कार्डाच्या दुकानातून खरोखर काय येईल त्यावर खूण करा, सुटणारे पैसे वर्षाच्या हिशोबाने मांडा, त्यातून फी आणि भाडं वजा करा. मोठं कुटुंब असेल, खानावळ किंवा घरगुती डब्यांचा धंदा असेल, दुकान जवळ असेल, तर हाती काही उरेलही. मग खुशाल घ्या. पण उरत नसेल तर पत्रक बाजूला ठेवा आणि शेजारच्या चौघींना बोलावून यादी करायला बसा.