वायफाय फुल, तरी फॉर्म का अडकतो? वाटूरच्या एका सेवा केंद्रातली गोष्ट

परतूर तालुक्यातल्या वाटूरला माझ्या मित्राचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. पुढे काउंटर, मागे स्कॅनरची खोली, वर छोटं ऑफिस. पीक विम्याच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. खरीप २०२५ पासून एक रुपयातला विमा बंद झाला, फार्मर आयडी सक्तीचा झाला, म्हणजे एका फॉर्ममागचं काम वाढलं. मित्राची तक्रार अशी: काउंटरवर फॉर्म सुरू केला, लॅपटॉप उचलून मागे कागद स्कॅन करायला गेला, की पोर्टल म्हणतं ‘पुन्हा लॉगिन करा’. समोर शेतकरी सकाळपासून रांगेत उभा. वर ऑफिसकडे जाताना वायफायवरचा कॉल तुटायचा तो वेगळाच.

सगळे साइटला शिव्या देत होते. मी जाऊन पाहिलं तर तीन खोल्यांत तीन राऊटर, तिघांची नावं वेगळी, पासवर्ड वेगळे, आणि तिघंही स्वतःला घरमालक समजणारे. म्हणजे प्रत्येक जण जोडलेल्या फोनला आपापला आयपी पत्ता वाटत होता. लॅपटॉप पुढच्या राऊटरवरून मागच्यावर गेला की पत्ता बदलणार. आधीची सगळी कनेक्शन तिथेच तुटतात, चालू कॉलसुद्धा.

आता एक गोष्ट बहुतेकांना उलटी माहीत असते. एका राऊटरवरून दुसऱ्यावर कधी उडी मारायची हे राऊटर ठरवत नाही, तुमचा फोन ठरवतो. मोबाइल टॉवरच्या बाबतीत नेटवर्क ठरवतं, म्हणून एसटीत बसून बोलत गेलो तरी सहसा कॉल चालू राहतो. वायफायमध्ये तसं नाही. ॲपलने आयफोनसाठी हा आकडाच जाहीर केलाय: सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली गेला की फोन दुसरा ॲक्सेस पॉइंट शोधायला लागतो, आणि डेटा चालू असेल तर नवा निदान ८ डीबीने चांगला असेल तरच उडी मारतो. अँड्रॉइडमध्ये हे कंपनीगणिक बदलतं. काही फोन जुन्या राऊटरला गोचिडासारखे चिकटून बसतात.

मग लोक काय करतात? राऊटरची पॉवर फुल करतात. त्याने चिकटणं वाढतं. राऊटर म्हणजे लाऊडस्पीकर आणि फोन म्हणजे साधा माणसाचा आवाज. स्पीकर गल्लीभर ऐकू येतो, पण तुमचं उत्तर तिथवर पोचत नाही. फोनवर कांड्या दिसतात, पान मात्र उघडत नाही.

आम्ही नवीन काही विकत घेतलं नाही, फक्त केबल. पुढचा एकच राऊटर घरमालक ठेवला. बाकी दोघांना ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकलं. ज्यात तो मोड नव्हता त्यात डीएचसीपी बंद केलं, त्याचा स्वतःचा पत्ता बदलला आणि केबल लॅन पोर्टला जोडली. तिघांना एकच नाव, एकच पासवर्ड, सुरक्षेचा प्रकारही एकच (हे शेवटचं लोक विसरतात). २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६, ११ वाटून दिले आणि पॉवर मध्यम केली. मग लॅपटॉपवर पिंग चालू ठेवून काउंटरपासून वरपर्यंत चाललो. एक-दोन पिंग गेले, पत्ता तोच राहिला. फॉर्म अडकला नाही.

८०२.११ के, व्ही आणि आर ही नावं तुम्ही वाचली असतील. के फोनला शेजारच्या ॲक्सेस पॉइंटची यादी देतं, व्ही ‘तिकडे जा’ असं सुचवतं, आर उडीच्या वेळची ओळखपरेड छोटी करतं. आरचा खरा फायदा मोठ्या ऑफिसांत, जिथे प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असतं आणि दर उडीला सर्व्हरला विचारावं लागतं. एकाच पासवर्डच्या जागी मुळात चार निरोपांचं काम असतं. शिवाय आर चालू केलं की काही जुने फोन जोडलेच जात नाहीत, म्हणून आम्ही ते बंद ठेवलं.

हाच प्रश्न सार्वजनिक वायफायचाही आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० ला पीएम-वाणी मंजूर केली. चहाच्या टपरीवालाही परवाना न घेता वायफाय विकू शकतो. जून २०२५ मध्ये ट्रायने अशा दुकानदारांसाठी २०० एमबीपीएसपर्यंतच्या फायबर प्लॅनचा दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त नको, असं ठरवून दिलं. दुकानदाराचा खर्च आटोक्यात राहील, चांगलंच आहे. एकाच ॲपवरून कुठल्याही दुकानात लॉगिन करता यावं, ही या योजनेची मूळ कल्पना. पण लॉगिन चालणं वेगळं आणि चालता चालता कॉल टिकणं वेगळं. दोन टपऱ्यांच्या लाइन वेगळ्या, पत्ते वेगळे. मधे कॉल तुटणारच. बसून व्हिडिओ बघायला किंवा फॉर्म भरायला ते पुरेसं आहे. शाळा, दवाखाना आणि ग्रामपंचायत एकाच वायफायमध्ये आणायची असतील तर मात्र तीन हॉटस्पॉट मोजून काम झालं असं म्हणता येणार नाही. मित्राकडे केलं तेच मोठ्या मापात करावं लागेल: एक घरमालक, मधे केबल.

मित्राला आता मागच्या गोदामातही वायफाय पाहिजे. रिपीटर आणू का, विचारत होता. ५० मीटर केबल आण म्हटलं.