कुलूपबंद डबी आणि जिवंत प्रत

गेल्या दहा वर्षांत जपानी खेळयंत्र-कंपन्यांनी एक नवाच व्यापार उभा केला आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी दूरचित्रवाणी संचास जोडून खेळावयाचे जे यंत्र त्यांनी विकले, त्याचीच तळहातावर मावेल अशी प्रतिकृती करावयाची, तिच्यात निवडक जुने खेळ भरावयाचे आणि चाळिशीस आलेल्या माणसांस त्यांचे बालपण पुन्हा एकदा विकावयाचे, असे या व्यापाराचे स्वरूप आहे. निन्टेन्डोने २०१६ च्या नोव्हेंबरात ३० खेळांची डबी काढली. २०१७ साली २१ खेळांची दुसरी काढली. सोनीने २०१८ च्या डिसेंबरात २० खेळांची आणि सेगाने २०१९ साली ४२ खेळांची डबी बाजारात आणली. कोणी आपला जुना माल नव्या वेष्टनात विकावा, यात आक्षेपार्ह काही नाही. परंतु या विक्रीस ‘वारशाचे जतन’ असे भारदस्त नाव दिले जाते, आणि आमचा आक्षेप आहे तो या नावास.

बालाघाटच्या वाचकास हा भेद समजावून घेण्यासाठी फार दूर जावयास नको. गोंदियाहून बालाघाट व नैनपूरमार्गे जबलपुरास जाणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी आपल्याकडील कित्येक पिढ्यांच्या परिचयाची होती. पुढे त्या मार्गाचे रुंदीकरण झाले. जबलपूर-नैनपूर बाजूची छोटी गाडी २०१५ साली थांबली. रुंद रूळ आले, दळणवळण वाढले, हे इष्टच झाले. नागपुरास मोतीबागेत २००२ साली उघडलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. तेथे जुनी इंजिने ठेवलेली आहेत, आणि मुलांसाठी एक खेळगाडीही आवारात फेरी मारते. मुलांस तिचा आनंद होतो, आणि तो व्हावाच. परंतु त्या फेरीस सातपुड्याचा प्रवास असे कोणी म्हणत नाही. संग्रहालय खेळगाडीस खेळगाडीच म्हणते आणि खरे इंजिनही राखून ठेवते. खेळयंत्रांच्या कंपन्या मात्र खेळगाडी विकतात, तिलाच वारसा म्हणतात, आणि खरे इंजिन चालू ठेवू पाहणाऱ्यास चोर ठरवितात.

आता आपल्याकडची स्थिती पाहू. आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात निन्टेन्डोचे यंत्र भारतात ‘समुराई’ या नावाने आले. परंतु सामान्य घरांत शिरली ती त्याची नक्कल करून बनविलेली ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ यांसारखी स्वस्त यंत्रे. सेगाचे मेगा ड्राइव्ह शॉ वॉलेस कंपनीमार्फत १९९० च्या दशकाच्या मध्यास भारतात विकले जाऊ लागले, तेव्हा त्याची किंमत १८,००० रुपये होती. बालाघाट, वारासिवनी किंवा कटंगी येथील कोणत्या नोकरदार गृहस्थाने मुलांच्या खेळापायी एवढी रक्कम मोजली असती? म्हणून नकली यंत्र आले, आणि त्यासोबत ती पिवळी वा काळी ‘कॅसेट’ आली, जिच्या वेष्टनावर ९९,९९,९९९ खेळांची बढाई असे आणि आत मोजकेच खेळ नावे बदलून पुनःपुन्हा येत. त्यांतच ‘काँट्रा’ होता, रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’ होता, बंदुकीने बदके टिपावयाचा ‘डक हंट’ होता.

निन्टेन्डोच्या २०१६ सालच्या डबीत या तिहींपैकी एकही नाही. काँट्राचा दुसरा भाग तेवढा ‘सुपर सी’ या नावाने आहे. डक हंटची बंदूक तर जुन्या काचनळीच्या पडद्याखेरीज चालतच नाही. आजच्या सपाट पडद्यासमोर ती आंधळी होते. तात्पर्य, ज्या वारशाचे जतन झाल्याची द्वाही फिरविली जाते, तो न्यूयॉर्कच्या किंवा टोकियोच्या मुलाचा वारसा आहे. आपल्याकडील मुलांनी जे खेळले त्याची नोंद कोणत्याही कंपनीच्या वहीत नाही. ज्याची नोंदच नाही ते कंपनी पुन्हा प्रसिद्ध करील, अशी आशा करणे म्हणजे परक्याच्या कोठारात आपल्या शेताचे धान्य शोधणे होय.

मग त्या डबीत असते तरी काय? जुने यंत्र लहान करून आत बसविलेले नसते. आत आजकालच्या साध्या भ्रमणध्वनीत असते तशी एक चकती असते, आणि तिच्यावर एम्युलेटर नावाची आज्ञावली चालते. एम्युलेटर म्हणजे एका यंत्राचे वर्तन दुसऱ्या यंत्राकडून हुबेहूब करवून घेणारा दुभाषी. जुन्या खेळाला वाटते की आपण आपल्याच घरी आहोत. वस्तुतः घर पालटलेले असते. कोकणी वाचकांस याचे उदाहरण घरचेच आहे. सोळाव्या शतकात गोव्यात रामायण-महाभारताच्या कोकणी कथा जेझुइटांनी रोमी अक्षरांत उतरवून घेतल्या. ती हस्तलिखिते पोर्तुगालात ब्रागा येथे राहिली, म्हणून त्या कथा आजच्या अभ्यासकाच्या हाती लागल्या. अक्षर परके होते, पण वाणी टिकली.

हीच विद्या हौशी मंडळी गेली तीस वर्षे फुकट, रात्री जागून, परस्परांस शिकवीत वाढवीत आली आहेत. १९९७ साली सुरू झालेला ‘मेम’ हा प्रकल्प जुन्या नाणे-यंत्रांवरील खेळांसाठी आजही चालू आहे. आणि कंपन्यांचे वर्तन पाहा. प्लेस्टेशनचा एम्युलेटर केला म्हणून सोनीने १९९९ साली कनेक्टिक्स या कंपनीस न्यायालयात खेचले. २००० साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर अठरा वर्षांनी त्याच सोनीने सुमारे १०० डॉलरांची जी डबी विकली, तिच्या पोटात ‘पीसीएसएक्स रीआर्म्ड’ हा हौशी लोकांनी घडविलेला मुक्त एम्युलेटर होता. त्या एम्युलेटरचा परवाना सर्वांस खुला असल्यामुळे सोनीने तो वापरला यात गैर काही नाही. परंतु जी विद्या कंपनीच्या हाती ‘जतन’ ठरते, ती गावातील हौशी तरुणाच्या हाती ‘अपराध’ कशी ठरते, याचे उत्तर कोणी द्यावे.

शिवाय डबी पडते कुलूपबंद. आपली जुनी कॅसेट तिच्यात घालावी म्हटले तर खाचच नाही. निन्टेन्डोने पहिली डबी अवघ्या सहा महिन्यांत बंद केली आणि मागणी पाहून २०१८ साली पुन्हा थोडा काळ काढली. जे कंपनीच्या लहरीवर येते आणि जाते, त्यास वारसा म्हणावयाचे की हंगामी माल?

येथे कोणी वडीलधारी मंडळी विचारतील, मुलांच्या या खेळांस जपण्याजोगे मोल ते काय? प्रश्न रास्त आहे. परंतु दख्खनच्या कित्येक जुन्या देवळांच्या व लेण्यांच्या फरशीवर कोरलेले खेळांचे पट आपण पाहतो, आणि त्यांतील अनेकांवर नेमके काय व कसे खेळत, हे आज निश्चित सांगता येत नाही. दगड टिकला, खेळ गेला. पट कोरणाऱ्यासही तो खेळ क्षुल्लकच वाटला असेल. काय क्षुल्लक आणि काय मोलाचे, याचा निवाडा पुढील पिढ्या करीत असतात. आपले काम त्यांच्या हाती पुरावा देण्याचे. कंपनीची देखणी डबी हा दगडातील पट आहे. खेळ जगतो तो प्रत काढल्याने व खेळत राहिल्याने.

कुलुपाचे परिणाम तर मराठी वाङ्मयाने भोगलेले आहेत. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यांचा हेतू रक्षणाचा असेल. पण त्यामुळे मराठीचे आद्य गद्य पंथाबाहेरील जगास शतकानुशतके अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे व भावे यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा मराठी वाङ्मयाचा इतिहासच नव्याने लिहावा लागला. महानुभावांपाशी निदान किल्ली जाणणारी शिष्यपरंपरा होती. उद्या कंपनी बुडाली तर तिच्या कुलुपाची किल्ली कोणापाशी असेल?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कर्त्यास त्याच्या श्रमाचे मोल मिळू नये काय? अवश्य मिळावे. जो खेळ आज बाजारात विकला जातो, तो पैसे देऊनच घ्यावा. परंतु जे विकलेच जात नाही त्याचे मोल द्यावे कोणास? अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली पाहणी प्रसिद्ध केली. तीनुसार २०१० पूर्वी तेथे प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात मिळतच नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोने आपल्या दोन जुन्या यंत्रांचे आंतरजालावरील दुकानही बंद केले. आणि ग्रंथालयांनी असे खेळ अभ्यासकांस दुरून पाहू द्यावे, ही विनंती अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयाने २०२४ च्या ऑक्टोबरात फेटाळली. स्वतः विकावयाचे नाही आणि दुसऱ्यास राखूही द्यावयाचे नाही, या वृत्तीस मराठीत जे नाव आहे ते वाचक जाणतातच.

याच्या उलट टोकास दुसरा लबाड उभा आहे. हल्ली बाजारात व जत्रांत ‘दहा हजार खेळ’ असे छापलेली एक काडी मिळते. ती दूरचित्रवाणीस टोचली की झाले. तिच्यातील खेळांचे कर्ते कोण, याचा विक्रेत्यास पत्ता नसतो. आणि ज्या ‘स्नेस-नाइन-एक्स’सारख्या एम्युलेटरच्या परवान्यात व्यापारी विक्रीस स्पष्ट मनाई आहे, तोही अशा मालात राजरोस खपविला जातो. फुकट मिळणाऱ्या विद्येवर नफा कमावणारा हा विक्रेता जतनकर्ता नव्हे. त्याची काडी घेऊन आपण वारसा राखला असे कोणी मानू नये.

मग मार्ग कोणता? आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात संगणकाची आज्ञावली ही वाङ्मयकृती मानली आहे, आणि वाङ्मयकृतीवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. १९८५ सालचा खेळ मुक्त होईपर्यंत तो ज्यावर चालेल असे एकही मूळ यंत्र धड राहावयाचे नाही. त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमात, आज्ञावलीची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्यास नुकसानीपासून रक्षण म्हणून दुसरी प्रत काढण्याची मुभा आहे. बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयासही जतनासाठी कृती संगणकात साठविता येते; मात्र ग्रंथालयापाशी त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत आधीपासून असली पाहिजे, अशी अट आहे. पोथीच्या बाबतीत ही अट शहाणपणाची आहे. परंतु जी कृती जन्मतःच अंकीय आहे, तिची अंकीय नसलेली प्रत ग्रंथालयाने आणावी कोठून? ही अट बदलली पाहिजे, आणि जन्मतः अंकीय असलेल्या कृती जतनासाठी साठविण्याचा व आपल्या वाचनकक्षात दाखविण्याचा अधिकार ग्रंथालयांस मिळाला पाहिजे. आमची मागणी एवढीच आहे, आणि ती कोणाच्या पोटावर पाय देणारी नाही.

तोपर्यंत करण्यासारखे पुष्कळ आहे. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरचे ते धूळ खाणारे यंत्र भंगारवाल्यास देऊ नका. कॅसेटी कोरड्या जागी ठेवा. त्यांवर कोणत्या साली, कोठून, किती रुपयांस घेतल्या ते लिहून ठेवा. ज्या कॅसेटींत प्रगती जपण्यासाठी लहानशी बॅटरी असते, ती बॅटरी मरते. ती मरण्यापूर्वी जाणत्या तरुणाकडून प्रत काढून घ्या. समाजाच्या वाचनालयात एक कपाट या वस्तूंसाठी द्या. नकली यंत्रेही त्यात ठेवा, कारण तीच आपल्या घरांचा खरा इतिहास आहेत. आणि वर्षातून एखाद्या दिवशी, बापाने जो खेळ खेळला तो मुलास खेळू द्या.

कंपनीची डबी ज्यास हवी त्याने शोभेची वस्तू म्हणून खुशाल घ्यावी. मात्र ती फडताळात ठेवून आपले कर्तव्य संपले, असे कोणी समजू नये. आपल्या पूर्वजांनी पोथ्या राखल्या त्या पेटीची पूजा करून नव्हे. पाने जीर्ण होण्याआधी बसून त्यांच्या प्रती उतरविल्या, म्हणून त्या आपणांपर्यंत पोचल्या. पुढच्या पिढीनेही आपल्याविषयी एवढे म्हणावे, इतके काम आपण केले पाहिजे.