परिचर्येचे क्षेत्र : सेवा आणि हक्काची भाकरी

बारावीचे निकाल लागले, की धर्मग्रामाच्या कचेरीत दाखल्यांसाठी आणि शिफारसपत्रांसाठी येणाऱ्या पालकांची वर्दळ वाढते. 'मुलीला नर्सिंगला घालावे काय?' हा प्रश्न त्या वेळी हमखास विचारला जातो. अलीकडे त्याला आणखी दोन प्रश्न येऊन मिळाले आहेत. 'परदेशी नोकरी लागेल काय?' हा एक आणि 'घरी बसून करता येईल असे काम त्यात मिळते म्हणतात, ते खरे काय?' हा दुसरा. हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे मात्र बहुधा एजंटांच्या जाहिरातींतून किंवा शेजारच्या आळीतील कुणाच्या यशोगाथेवरून दिली जातात. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर चर्चा करावी, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक विसंगती लक्षात घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 2023 साली जगात सुमारे 2 कोटी 98 लाख परिचारिका व परिचारक होते आणि तरीही सुमारे 58 लाखांची उणीव होती. एवढी गरज असताना आपल्याकडील कित्येक पदवीधर परिचारिका अल्प वेतनावर रात्रपाळ्या करीत आहेत, कित्येक कर्ज काढून परदेशी जात आहेत आणि काही तर हा पेशाच सोडून देत आहेत. असे का व्हावे? आमच्या मते याची कारणे दोन आहेत. एक म्हणजे पुरेशी माहिती न घेता केलेली निवड. दुसरे म्हणजे सेवेचे गोडवे गाताना सेवा करणाऱ्याच्या भाकरीचा आपल्याला पडणारा विसर.

शिक्षणाच्या पायऱ्या

दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम आणि चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी असे तीन मुख्य मार्ग आहेत. जीएनएमसाठी बारावीला विज्ञान शाखाच हवी असे नाही. पदवीसाठी मात्र भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय लागतात आणि महाराष्ट्रात राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक पदवी घेता येते. त्यानंतर एम.एस्सी. किंवा अतिदक्षता विभागातील नर्स प्रॅक्टिशनरचा निवासी अभ्यासक्रम खुला असतो. म्हणजे ज्या घरची ऐपत आज चार वर्षांच्या शुल्काची नाही, त्या घरातील मुलीनेही निराश होण्याचे कारण नाही. ती एकेक पायरी चढत वर जाऊ शकते. मुलांसाठीही हे क्षेत्र तितकेच खुले आहे, हे आपल्या घरांतून अजून पुरेसे उमगलेले नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी एक खातरजमा अवश्य करावी. ज्या संस्थेत नाव घालावयाचे, तिला परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय? पदवी देणारे विद्यापीठ कोणते? संस्थेचे स्वतःचे किंवा संलग्न रुग्णालय किती खाटांचे आहे? 'हमखास नोकरी'चे आश्वासन देणारे सहा महिन्यांचे अनेक वर्ग शहरोशहरी चालतात. तेथील प्रमाणपत्रावर परिषदेकडे नोंदणी होत नाही आणि नोंदणी नसेल तर कायद्याच्या दृष्टीने ती व्यक्ती परिचारिका नव्हे. तिला रुग्णमदतनीस म्हणून काम मिळेल आणि तेही सन्मानाचेच काम आहे; परंतु परिचारिका होण्याच्या आशेने भरलेले पैसे मात्र वाया जातील.

देशातील नोकऱ्या आणि वेतनाचा प्रश्न

नोकरी शोधताना आपली मुले बहुधा जवळच्या खासगी रुग्णालयापासून सुरुवात करतात आणि तेथेच थांबतात. वस्तुतः महानगरपालिकेची व राज्य शासनाची रुग्णालये, रेल्वे, राज्य कामगार विमा योजना आणि लष्करी परिचर्या सेवा अशी अनेक दारे आहेत. एम्ससाठी देशपातळीवर 'नॉरसेट' ही परीक्षा घेतली जाते. 2018 पासून उभ्या राहिलेल्या आणि आज 'आयुष्मान आरोग्य मंदिर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी हे पद नर्सिंगच्या पदवीधरांना मिळू शकते. या परीक्षांची तयारी आपल्याकडे गांभीर्याने होत नाही. बँकेच्या परीक्षांसाठी वर्ग लागतात, तसे यांच्यासाठी का लागू नयेत?

खासगी क्षेत्रातील वेतनाचा प्रश्न जुना आहे. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2016 साली न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने एक समिती नेमली. समितीच्या शिफारशी स्पष्ट होत्या. 200 हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे. 100 हून अधिक खाटा असल्यास ते 10 टक्क्यांहून कमी पडू नये. 50 ते 100 खाटा असल्यास ही तफावत 25 टक्क्यांच्या आत असावी. आणि 50 खाटांहून लहान रुग्णालयातही वेतन दरमहा 20,000 रुपयांच्या खाली नसावे. अंमलबजावणी राज्यांकडे सोपवण्यात आली. केरळमध्ये परिचारिकांनी दीर्घ आंदोलन केले आणि 2018 साली तेथील शासनाने 20,000 रुपयांच्या किमान वेतनाची अधिसूचना काढली. त्या आंदोलनाच्या काळात ख्रिस्ती व्यवस्थापनाखालील रुग्णालयांतील वेतनाचीही चर्चा झाली, हे आपण विसरू नये.

नोकरी स्वीकारताना मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाकडे जमा करण्याची आणि ठरावीक वर्षांच्या 'बाँड'वर सही करण्याची सक्ती काही ठिकाणी केली जाते. प्रमाणपत्र हे विद्यार्थिनीच्या कष्टाचे धन आहे. ते कुणाकडे ओलीस ठेवण्याची वस्तू नव्हे. छायाप्रती द्याव्यात, मूळ कागद दाखवून परत घ्यावेत आणि नेमणूकपत्रावर वेतन, पाळ्या व रजा लिहून घ्याव्यात.

परदेशाची वाट

परदेशी जाण्यास आमचा विरोध नाही. आपल्या समाजातील कित्येक घरांची कौले आखाती पगारावर बदलली आणि भावंडांची शिक्षणे त्यावरच झाली. परंतु प्रत्येक देशाच्या दाराला स्वतंत्र कुलूप आहे. आखाती देशांसाठी कागदपत्रांची पडताळणी आणि परवाना परीक्षा लागते. ब्रिटनसाठी इंग्रजीची आयईएलटीएस किंवा ओईटी ही परीक्षा, संगणकावरील चाचणी आणि प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा असे टप्पे आहेत. अमेरिकेसाठी एनक्लेक्स उत्तीर्ण व्हावे लागते आणि त्यानंतरही व्हिसासाठी दीर्घकाळ प्रतीक्षा करावी लागते. जर्मनीला जर्मन भाषा हवी आणि ती बी-2 पातळीपर्यंत शिकण्यास चिकाटी लागते. महाराष्ट्र शासनाने 2024 साली तेथील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला आहे. त्याची चौकशी करणे फायद्याचे ठरेल.

दोन घटना मात्र पालकांनी ध्यानात ठेवाव्यात. 2014 साली इराकमधील युद्धात 46 भारतीय परिचारिका अडकल्या आणि जुलै महिन्यात त्यांची सुटका झाली. त्यांतील अनेकींच्या डोक्यावर शिक्षणाचे व प्रवासाचे कर्ज होते, म्हणून संकट दिसत असतानाही परतण्याचा निर्णय त्यांना जड गेला. पुढच्याच वर्षी कुवेतसाठीच्या भरतीत, जेथे 19,500 रुपये आकारायचे तेथे एकेका उमेदवाराकडून सुमारे 19 लाख 50 हजार रुपये उकळल्याचे प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाने हाती घेतले. कायद्याने परवानाधारक एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये व त्यावरील कर एवढेच घेता येते. एजंटाकडे परवाना आहे की नाही, हे शासनाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. ब्रिटनमध्ये तर उमेदवाराकडून भरतीचे शुल्क घेणे तेथील आचारसंहितेला मान्यच नाही. तसेच तेथील 'केअर वर्कर'चा व्हिसा परदेशातून नव्याने अर्ज करणाऱ्यांसाठी जुलै 2025 पासून बंद झाला आहे. त्या नावाने आज कुणी पैसे मागत असेल, तर त्याला दारातूनच निरोप द्यावा.

घरी बसून परिचर्या?

आता तिसरा प्रश्न. घरून करता येण्याजोगी कामे खरोखरच आहेत. रुग्णाच्या नोंदी वाचून निदानाला व उपचारांना ठरावीक सांकेतिक क्रमांक देणे, म्हणजे मेडिकल कोडिंग, आरोग्य विम्याच्या दाव्यांची छाननी, मधुमेही रुग्णांची किंवा गरोदर मातांची दूरध्वनीवरून विचारपूस व पाठपुरावा, रुग्णनोंदींचे लेखन, परवाना परीक्षांसाठी ऑनलाइन शिकवणी. तान्हे मूल असलेल्या मातेला, घरी अंथरुणाला खिळलेले सासू-सासरे असलेल्या सुनेला किंवा पाठीच्या दुखण्यामुळे वॉर्डात उभे राहणे न जमणाऱ्या परिचारिकेला ही कामे वरदान ठरू शकतात. अशा भगिनींनी पेशा सोडून देण्यापूर्वी या वाटेचा विचार जरूर करावा.

तथापि काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. यांपैकी बरीच कामे अनुभवी व्यक्तीलाच मिळतात आणि कोडिंगसाठी वेगळे प्रशिक्षण व प्रमाणपत्र लागते. अमेरिकेसाठीचे काम असेल, तर कित्येकदा तेथील वेळेनुसार रात्र जागवावी लागते. म्हणजे घर मिळाले तरी झोप मिळेलच असे नाही. दूरध्वनीवरून रुग्णाशी बोलणाऱ्या परिचारिकेला औषध लिहून देण्याचा अधिकार नाही. 2020 सालची दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वे तो नोंदणीकृत डॉक्टरांनाच देतात. आणि जी संस्था काम देण्याआधी 'अनामत' मागते, ती काम देण्यासाठी नव्हे, तर पैसे घेण्यासाठी उघडलेली असते.

याहून महत्त्वाचा मुद्दा अनुभवाचा आहे. 2018 साली इटलीतील परिचारिकांना भेटताना पोप फ्रान्सिस यांनी आपल्या तरुणपणीची एक आठवण सांगितली होती. गंभीर आजारात डॉक्टरांनी ठरवलेली औषधाची मात्रा पुरेशी नाही, हे एका परिचारिका धर्मभगिनीने ओळखले, ती वाढवून घेतली आणि त्यांचे प्राण वाचले. ही जाण रुग्णाच्या उशाशी बसूनच येते. म्हणून नव्या पदवीधरांना आम्ही सांगू की पहिली दोन-तीन वर्षे वॉर्डातच काढावीत. घरचे काम पुढे कधीही घेता येईल. वॉर्डापासून सुटलेली वर्षे मात्र परत मिळत नाहीत. परदेशातील परवान्यांसाठीही बहुधा अलीकडचा प्रत्यक्ष अनुभवच विचारला जातो. आणि घरून काम करीत असताना परिषदेकडील नोंदणीचे नूतनीकरण चुकवू नये.

'घरची परिचर्या' या शब्दांना आणखी एक अर्थ आहे. आज वसईतील कितीतरी घरांत मुले कॅनडाला किंवा आखातात आहेत आणि वृद्ध मातापिता ब्युरोने पाठवलेल्या बाईच्या भरवशावर आहेत. त्या बाईला प्रशिक्षण कुणी दिले, तिच्या वेतनातून ब्युरो किती कापून घेतो, याची चौकशी आपण करीत नाही. मरणासन्न रुग्णांच्या परिचर्येसाठी वांद्रे येथे 1986 साली 'शांती अवेदना' ही देशातील पहिली संस्था उभी राहिली. तसे काम घरोघरी पोहोचवण्यास नोंदणीकृत परिचारिकांचे लहान गट गावोगावी तयार होऊ शकतात. यात त्यांना घराजवळ रोजगार मिळेल आणि वृद्धांना आपले माणूस मिळेल.

मजुरी आणि करुणा

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला परिचर्येचा आदर्श म्हणून आपण नेहमी सांगतो. पण त्यातील एका तपशिलाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. जखमी माणसाची पुढील शुश्रूषा ज्या उतारशाळेच्या रक्षकावर सोपवली, त्याला शोमरोन्याने पदरचे दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास तोही भरून देण्याचे वचन दिले. फुकट राबण्याचा उपदेश त्याने केला नाही. त्याच अध्यायाच्या आरंभी प्रभू येशू आपल्या शिष्यांना पाठवताना कामकऱ्याचा मजुरीवरील हक्क मान्य करतो. करुणा आणि मजुरी एकाच अध्यायात शेजारी शेजारी आहेत. त्यांची फारकत आपण केली. पोप तेरावे लिओ यांनी 1891 साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला, तो गिरणीकामगारापुरता नव्हता.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या क्षेत्रातील सेवेत असलेल्या व निवृत्त परिचारिकांची यादी करावी आणि निकालानंतरच्या रविवारी मिस्सानंतर त्यांची व विद्यार्थ्यांची भेट घडवावी. एजंटाच्या माहितीपत्रकापेक्षा त्यांचे दोन शब्द अधिक मोलाचे ठरतील. दुसरे, 1918 साली सहकारी बँक उभारणाऱ्या वसईच्या कॅथोलिक समाजाने आपल्या मुलींना शिक्षणासाठी खासगी सावकारांच्या किंवा एजंटांच्या कर्जात पडू देऊ नये. शैक्षणिक कर्जाची व शिष्यवृत्तीची माहिती देणारी एक व्यक्ती प्रत्येक चर्चमध्ये असावी. तिसरे आणि सर्वांत अवघड असे, की ख्रिस्तसभेच्या नावाने चालणाऱ्या आरोग्यसंस्थांनी 2016 च्या समितीचे कोष्टक समोर ठेवून आपापले वेतनपत्रक तपासावे. खर्चाच्या अडचणी असतील, हे आम्ही जाणतो. पण त्या अडचणींचा भार सर्वांत आधी रात्रपाळीच्या परिचारिकेनेच का उचलावा?

12 मे रोजी परिचारिका दिनी आपण त्यांना फुले देतो. फुले जरूर द्यावीत. त्याबरोबर पुरेसे वेतन, खरी माहिती आणि धर्मग्रामाचा आधारही द्यावा. मग मुलीला नर्सिंगला घालावे काय, या पालकांच्या प्रश्नाला आपल्यालाही निःशंक मनाने 'होय' म्हणता येईल.