हीथ स्ट्रीकला आपण दोनदा श्रद्धांजली वाहिली

मंडळी, आज थोडं कडू लिहिणार आहे. राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर अशा तिन्ही शाखांची मिळून साठेक माणसं आहेत. त्या ग्रुपवर झिम्बाब्वेच्या हीथ स्ट्रीकला दोनदा श्रद्धांजली वाहिली गेली. पहिल्यांदा २३ ऑगस्ट २०२३ ला, म्हणजे चांद्रयान-३ उतरलं त्या दिवशी. स्ट्रीक गेल्याची बातमी आली, जोडलेले हात आले, फुलं आली. मग ज्याने बातमी दिली होती त्या हेन्री ओलोंगानेच कळवलं की तो जिवंत आहे. ग्रुपवर हशा पिकला आणि संध्याकाळी सगळे चंद्रावर गेले. ३ सप्टेंबरला स्ट्रीक खरोखरच गेला. वय ४९. पुन्हा तेच हात, तीच फुलं.

मधल्या अकरा दिवसांत बोलणं पुष्कळ झालं. ६५ कसोटीत २१६ बळी, तेही पडत्या संघाकडून. गुजरात लायन्सचा गोलंदाजी प्रशिक्षक होता, ती आठवण निघाली. २०२१ मध्ये आयसीसीने घातलेल्या आठ वर्षांच्या बंदीवर दोन काका भांडलेसुद्धा. पण साठ माणसांपैकी एकानेही विचारलं नाही की त्याला झालं काय होतं.

मोठ्या आतड्याचा कर्करोग. तो यकृतातही पसरला होता.

मी विचारलं नाही, कारण मला ते ठाऊक होतं. आमचा दादा चार वर्षांपूर्वी त्याच दुखण्याने गेला होता. वय ४७.

दादा क्लबकडून नवा चेंडू टाकायचा. स्ट्रीक त्याचा लाडका. १९ मे १९९९ ला लेस्टरला झिम्बाब्वेने आपल्याला ३ धावांनी हरवलं तो सामना आम्ही दांडिया बाजारातल्या घरी, दिवाणखान्यात दाटीवाटीने बसून पाहिला. वडील गेल्यामुळे सचिन मुंबईला परतला होता. संघाचे प्रशिक्षक आपल्याच बडोद्याचे अंशुमन गायकवाड. त्यामुळे घरात सुतक असल्यासारखी शांतता. दादा मात्र म्हणाला, "हरले म्हणून रडू नका, समोरचे कसे लढले ते बघा."

त्याला ४४ व्या वर्षी शौचातून रक्त पडायला लागलं. त्याने फक्त वहिनीला सांगितलं, तेही "मूळव्याध झालीय" असं. निदान त्याचं त्यानेच केलं. घरात सुरणाची भाजी वाढली, ताक वाढलं, रात्री इसबगोल सुरू झालं. एका डॉक्टरांनी न तपासता मलम लिहून दिलं. पुढे हिमोग्लोबिन उतरलं, तर लोहाच्या गोळ्या दिल्या. रक्त जातंय कुठून हे कुणी विचारलं नाही. रोजच्या जिन्यावर त्याला धाप लागायची तेव्हा आम्ही म्हणायचो, दादा, म्हातारा झालास! ४६ व्या वर्षी एका रात्री आतडं पूर्ण बंद झालं. शस्त्रक्रियेत कळलं की यकृतापर्यंत गेलंय. त्यानंतर तेरा महिने.

इथवर तुम्ही म्हणाल, नशीब. मीही म्हणत होतो. तेराव्याला इंदूरची आत्या माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "भाऊलाही असंच रक्त पडायचं रे. मुंबईला दाखवलं तेव्हा आतड्याचा कॅन्सर म्हणाले. तुझी आई म्हणाली, कुणाला सांगू नका, मुलींची लग्नं व्हायचीत."

भाऊ म्हणजे आमचे वडील. १९७९ मध्ये गेले, ४८ व्या वर्षी. मी चार वर्षांचा होतो, दादा सात. वर्तमानपत्रात छापलं होतं, 'अल्पशा आजाराने निधन'. चाळीस वर्षं आम्ही तेच खरं मानलं.

आता माझं खरं भांडण. आपल्या घराण्यांचे कुलवृत्तांत आहेत. कोण कोणाबरोबर बडोद्याला आला, कुणाला इनाम मिळालं, कुणाची मुलगी ग्वाल्हेरला दिली, सात पिढ्यांचं सगळं लिहिलेलं आहे. कुठला पूर्वज कशाने गेला, हे मात्र नाही. तिथे 'अल्पशा आजाराने', 'दीर्घ आजाराने', नाहीतर 'पोटाच्या दुखण्याने'. गोत्र ठाऊक नसलेला माणूस आपल्यात सापडणार नाही. पण आजोबा कशाने गेले ते विचारा, निम्मे लोक गप्प बसतील.

आणि नेमकी तीच माहिती इथे जीव वाचवते. सर्वसाधारण सल्ला असा आहे की आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर कोलोनोस्कोपी ४० व्या वर्षी करायची, किंवा त्या माणसाला ज्या वयात झाला त्याच्या १० वर्षं आधी. यातलं जे आधी येईल ते. म्हणजे दादाची तपासणी ३८ व्या वर्षी व्हायला हवी होती. हा आजार बहुतेकदा एका छोट्या गाठीपासून, पॉलिपपासून सुरू होतो, आणि तिचा कर्करोग व्हायला बरीच वर्षं लागतात. दुर्बिणीतून गाठ दिसली तर तिथल्या तिथे काढता येते. दादा गेल्यावर मी तपासणी करून घेतली. दोन गाठी निघाल्या, काढल्या. मी आज हे लिहितोय तो आत्याच्या त्या एका वाक्यामुळे. ते वाक्य दहा वर्षं आधी निघालं असतं, तर कदाचित दादाने लिहिलं असतं.

आईला मी दोष देत नाही. १९७९ साल होतं, पदरात चार मुलं होती. दोष आपला आहे. आज आपण लग्नाच्या पंगतीत "तुमची शुगर किती?" असं मोठ्याने विचारतो. रोज सकाळी "पोट साफ झालं का?" हेही विचारतो. पण "रक्त पडतंय का?" म्हणताना जीभ अडखळते. बायकांचं तर त्याहून वाईट. त्यांचं रक्त कमी झालं की पाळीवर ढकलून मोकळे.

मला उत्तरं मिळतात ती अशी. "आपण शाकाहारी, आपल्याला नाही होत." आमचे भाऊ आणि दादा दोघंही शाकाहारी होते. "हा पाश्चात्त्यांचा रोग." आपल्याकडे प्रमाण त्यांच्यापेक्षा कमी आहे, हे खरंच. पण ज्याला होतो त्याला तो पूर्णच होतो. "तपासण्या म्हणजे कमाईचा धंदा." काही ठिकाणी असेलही, म्हणून धडधाकट माणसाने उठून सगळ्या तपासण्या कराव्यात असं मी म्हणत नाहीये. विचारा आणि सांगा, एवढंच म्हणतोय. त्याला पैसे पडत नाहीत.

इंग्लंडला १९६६ चा विश्वचषक जिंकून देणारा कप्तान बॉबी मूर १९९३ मध्ये याच आजाराने ५१ व्या वर्षी गेला. त्याच वर्षी त्याच्या पत्नीने, स्टेफनीने, आतड्याच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी आणि लोकांना सावध करण्यासाठी त्याच्या नावाने निधी उभा केला. तिने दुखण्याचं नाव लपवलं नाही. आज तिथे ५० ते ७४ वयाच्या माणसांना दर दोन वर्षांनी टपालाने घरी डबी येते. शौचाचा नमुना पाठवायचा, न दिसणारं रक्त त्यात सापडतं. अमेरिकेत तपासणी सुरू करायचं वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ वर आणलं. आपल्या सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे, मोठ्या आतड्याची नाही. तुमच्या दारात डबी घेऊन कुणी येणार नाही. आपल्यालाच एकमेकांच्या दारात जावं लागेल.

तेव्हा तीन गोष्टी करा. शौचातून रक्त, काही आठवडे बदललेली शौचाची सवय, कारण न सापडणारा रक्तक्षय किंवा वजन उतरणं, यांतलं काहीही असेल तर वय कितीही असो, डॉक्टरांकडे जा आणि "मूळव्याध" हा शब्द आधी तुम्ही उच्चारू नका. त्यांना तपासू द्या. पंचेचाळिशी ओलांडली असेल तर काही त्रास नसतानाही या तपासणीबद्दल त्यांना विचारा. आणि या रविवारी घरातल्या सगळ्यात वडील माणसाजवळ बसा. आपल्यातले कोण कशाने गेले, कितव्या वर्षी, ते विचारा आणि कुलवृत्तांताच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहा. मी लिहिलंय. भाऊ, ४८. दादा, ४७. पुढे आजाराचं नाव, स्पष्ट अक्षरात. पुतण्याने ते वाचलं आणि स्वतःहून डॉक्टरांची वेळ घेतली.

खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहू नका. दादाला ती पोचली आहे. त्यापेक्षा आत्ता फोन उचला आणि आपल्या भावाला विचारा.