‘फुटतो’ म्हणणारं मूल असभ्य नसतं

संपादक महोदय,


आमच्या मुलुंडमधल्या एका शाळेने पालकांना नुकतीच एक सूचना पाठवली आहे. ‘कल्टी मारतो’, ‘फुटतो’, ‘सटकतो’, ‘कटतो’ असं म्हणून मुलांनी एकमेकांचा निरोप घेऊ नये, ही टपोरी भाषा आहे आणि पालकांनी घरातूनच तिला आळा घालावा, असं त्यात बजावलं आहे. त्यामागची शाळेची कळकळ मला कळते. तरीही ही बंदी चुकीची आहे, आणि ती शुद्ध मराठीच्या नावाने घातली जाते आहे याचं मला फार वाईट वाटतं.

उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. चुकून कुणी ‘जातो’ म्हणालंच तर घरातली म्हातारी माणसं अजूनही टोकतात. नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तरी ‘वाढली’ म्हणतो. विसर्जनाला निघालेल्या गणपतीलाही निरोप देतो तो ‘पुढच्या वर्षी लवकर या’ असाच. आमच्या मुलुंड-घाटकोपरच्या इमारतींत शेजारचे गुजराती काकाही निघताना ‘आवजो’ म्हणजे ‘या’ म्हणतात आणि वरच्या मजल्यावरच्या तमिळ आजी ‘पोय्ट्टु वरेन’ म्हणजे ‘जाऊन येते’. जाण्याचा थेट उच्चार टाळायचा, ही रीत एकाच जिन्यावर तीन भाषांत पाळली जाते.

आता मुलांचे शब्द बघा. त्यांच्याही तोंडी ‘जातो’ येत नाही. संध्याकाळी क्लास सुटल्यावर स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीपाशी कान देऊन उभं राहा. दप्तर पाठीवरून पोटावर घेत एक जण म्हणतो, “चल, फुटतो मी. आई ओरडेल.” दुसरा म्हणतो, “थांब ना रे पाच मिनिटं.” “नाही रे, ट्रेन जाईल. उद्या येतो ना!” ‘फुटतो’च्या पाठोपाठ ‘उद्या येतो’ आलंच. यात असभ्य काय आहे?

फुटणं, सटकणं, कटणं, कल्टी मारणं या सगळ्यांत चोरून निसटण्याचा अर्थ आहे. रस्त्याला फाटा फुटतो, तसा हा मुलगा घोळक्यातून फुटतो. हातातली वस्तू सटकते, तसा सटकतो. मित्रांना सोडून जाणं म्हणजे पळ काढणं, असं तो स्वतःच कबूल करतो आणि दोष स्वतःकडे घेतो. ज्यांच्यातून पाय निघत नाही, त्यांच्याशीच माणूस असं बोलतो. परक्या माणसाला कुणी ‘कल्टी मारतो’ म्हणत नाही.

हेच शब्द दुसऱ्यावर फेकले की मात्र अर्थ उलटतो. ‘फूट इथून’, ‘कल्टी मार’, ‘पतली गली पकड’ हे हाकलणं आहे आणि ते लागतं. तिथे मुलांना जरूर थांबवावं. पण ‘मी फुटतो’ हा निरोप आहे आणि ‘तू फूट’ हा अपमान. दोष क्रियापदात नाही, ते कुणाला उद्देशून वापरलं यात आहे. व्याकरणाच्या तासाला प्रथम आणि द्वितीय पुरुष शिकवताना याहून चांगलं उदाहरण मिळायचं नाही. हाकलण्याचे शब्दही कायमचे कडू राहत नाहीत. ‘हवा येऊ दे’ म्हणजे बाजूला हो, वाट सोड. त्याच बोलण्यातून २०१४ मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ हे टीव्हीवरच्या कार्यक्रमाचं नाव झालं आणि घरातली लहानथोर मंडळी ते एकत्र बसून बघू लागली.

शाळेच्याच पुस्तकांतले वाक्प्रचार आठवा: पोबारा करणे, धूम ठोकणे, काढता पाय घेणे, गाशा गुंडाळणे. त्यांचे अर्थ लिहा, वाक्यांत उपयोग करा, गुण मिळवा. पोबारा हे सोंगट्यांच्या खेळातलं फाशांचं दान. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड. एक शब्द जुगाराच्या पटावरून आला, दुसरा घोडेस्वारांकडून. हीदेखील कधीकाळी उनाडांची आणि शिपायांची बोली होती. ‘पोबारा’ला गुण आणि ‘कल्टी’ला शिक्षा, हा न्याय मुलांना कसा समजावायचा?

बोलीतले शब्द त्या त्या काळाची खूण जपतात. मोबाइलवर बोलणं संपवताना आपण आजही ‘चल, ठेवते’ म्हणतो. खाली ठेवायचा रिसिव्हर बहुतेक घरांतून कधीच गेला, शब्द राहिला. मोल्सवर्थ यांनी १८३१ च्या आणि १८५७ च्या आपल्या कोशांत पोथीतल्या शब्दांबरोबर लोकांच्या तोंडचे शब्दही घेतले, म्हणून जुनी बोली आज आपल्याला वाचता येते. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातली आजची बोली कोण टिपणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा मला अभिमान आहे. पण तो दर्जा नव्या पिढीची जीभ बांधण्यासाठी नाही.

म्हणून माझी शाळांना विनंती आहे. बंदी मागे घ्या आणि मुलांना एक वही द्या. आपल्या इमारतीत, बाजारात, लोकलच्या डब्यात लोक निरोप कसा घेतात, हे त्यांना लिहून आणू द्या. कोण, कुणाला आणि कोणत्या नात्याने म्हणालं, तेही त्यात येऊ द्या. कोणता शब्द मित्राशी चालतो आणि कोणता शिक्षकांशी बोलताना टाळायचा, हे त्यातून मुलं स्वतःच शिकतील. मुंबई विद्यापीठाच्या मराठी विभागाने आणि राज्य मराठी विकास संस्थेने अशा वह्या मागवून उपनगरांतल्या बोलीचा कोश करावा. आपल्या दैनिकानेही त्यासाठी आठवड्यातून एकदा थोडी जागा द्यावी. पहिल्या नोंदी पाठवायला आमच्या इमारतीतली मुलं तयार आहेत.

आपली,
एक पालक,
मुलुंड (पूर्व)