आजीच्या गोळ्यांची पिशवी

माघ पौर्णिमेला वसमतमधील आमच्या वस्तीच्या विहारात वंदना संपली. सगळे उठले, पण एक आजी भिंतीला टेकून बसूनच राहिल्या. पाय सुजलेले, तोंड उतरलेले. आम्ही विचारपूस केली, तेव्हा त्यांनी पिशवीतून गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या. "ही बीपीची, ही लघवी साफ व्हायची, अन् ही गुडघ्याची, मेडिकलातून आणलेली."

"गुडघ्याची गोळी डॉक्टरांना सांगितली का?"

"ती काय सांगायची? ती कुठं औषध हाय!"

बंधू-भगिनींनो, चूक होते ती इथेच. आपल्या भागातील माणसांचे आयुष्य हळदीच्या रानात वाकून जाते. काढणी, शिजवणी, वाळवणी यांत कंबर आणि गुडघे झिजतात. दुखणे खरे असते. पण डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तदाब वाढवतात. बीपीच्या काही गोळ्या आणि लघवीची गोळी यांच्या जोडीला त्या रोज घेतल्या, तर मूत्रपिंडाला इजा होते. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर जठरातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. शौचास डांबरासारखी काळी झाली तर तडक दवाखाना गाठावा.

दुसरी फसगत नावांची. तापाची एक, सर्दीची दुसरी, अंगदुखीची तिसरी. पट्ट्यांची नावे वेगळी, पण तिन्हींत पॅरासिटामॉलच असू शकते. धडधाकट माणसालाही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर ते चालत नाही, यकृत बिघडते. अशक्त वृद्धांना तर त्याहून कमीच पुरे. नाव न लिहिलेल्या पुड्यांपासून दूरच राहावे. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले निघते. दुखणे थांबते, पण साखर चढते.

विनयपिटकाच्या महावग्गात भगवान बुद्धांनी चांगल्या रुग्णाची लक्षणे सांगितली आहेत. हितकर गोष्टीचेही प्रमाण ओळखणे हे त्यांतील एक. आपले दुखणे सेवा करणाऱ्यास आहे तसे सांगणे हे दुसरे. औषध लपवले तर दुखणे आहे तसे सांगितले असे कसे म्हणावे?

आजींची नात शाळेत शिकते. दुसऱ्या दिवशी तिने पट्ट्यांवरील बारीक अक्षरांतील घटकांची नावे वहीत उतरवली आणि आजीला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी गुडघ्याची गोळी बंद केली, रक्त तपासले, लेप आणि शेक सांगितला. फाल्गुन पौर्णिमेला आजी आपल्या पायांनी विहारात आल्या. सूज ओसरली होती.

आपणही आज एवढे करावे. घरातील वडीलधाऱ्यांच्या सगळ्या गोळ्या, चूर्णे, काढे एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवावेत. मेडिकलात नवी गोळी घेताना आधीची यादी दाखवावी. बीपी-साखरेची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. बाबासाहेबांमुळे आपल्या घरात अक्षर आले. ते अक्षर आजीच्या पट्टीवरही वाचले गेले पाहिजे.

जयभीम.